निळं पाणी आणि माझी काळी पावडर

३ जून
पहाटे पाचला उठून लॅब गाठायचा संकल्प. उठलो नऊला. हरकत नाही, उद्यापासून.
सरांनी निर्वाणीचं सांगितलंय. पंचवीस तारखेला कमिटीसमोर कार्बन नॅनोट्यूबच्या पावडरीने पाण्यातला रंग काढून दाखव, नाहीतर पीएचडीचा नाद सोड. बायकोचंही हेच म्हणणं. तिचा सूर जास्त कडक.

५ जून
पहाट हुकली, पण फत्ते! निळ्या पाण्यात चिमूटभर पावडर टाकली, ढवळलं, सिरिंजच्या फिल्टरमधून गाळलं. पाणी नितळ. रंगाचा मागमूस नाही.

९ जून
आज गडबडीत पावडर जवळजवळ पडलीच नाही. चमच्याला लागली होती तेवढीच. तरी पाणी नितळ! काय ही ताकद. माझ्या हातालाच गुण आहे.

१४ जून
शेजारच्या टेबलावरच्या ज्युनियर मुलीने विचारलं, पावडर न घालता नुसतं निळं पाणी गाळून बघितलंत का. हसू आलं. निळं पाणी गाळून निळंच पाणी मिळणार, त्यात काय बघायचं? लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही. तरी करीन उद्या, तिच्या समाधानासाठी.

१५ जून
वेळ नाही. आभाराची स्लाइड केली. बायको सगळ्यात वर.

२० जून
पांढऱ्या शर्टाच्या बाहीला निळा डाग. शर्ट पावडरीच्या पाण्यात भिजवला. डाग जागच्या जागी, शर्ट मात्र काळा. बायकोने तो दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवला. कापड हा माझा विषय नाही, हे तिला कोण सांगणार.

२५ जून, दुपार
प्रयोग झाला. पाणी नितळ. टाळ्याही पडल्या. मग सर शांतपणे म्हणाले, "आता पावडर न घालता गाळ."
गाळलं. नितळ.
रंग फिल्टरच धरून ठेवत होता. रोज निळे झालेले फिल्टर मीच माझ्या हाताने कचऱ्यात टाकत होतो. मग सरांनी पावडर घातलेलं पाणी न गाळता मशीनमध्ये गरागरा फिरवलं. पावडर खाली, वर निळंशार पाणी.
"मग तुझी पावडर नेमकं करते काय?"
"तळाशी बसते, सर," मी म्हणालो. खोटं कशाला बोला.

संध्याकाळ
बायकोला समजावलं की कमिटी जुन्या वळणाची आहे, फिल्टरची जात वाईट निघाली, वगैरे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण पावडर न घालता एकदा करून नव्हतं का बघायचं?"
तिलाही सुचलं. मला रडूच आलं. तिने पाठीवर हात ठेवला, आणि माझा तो शर्ट घेऊन फरशी पुसायला लागली.
उद्या पहाटे पाचला लॅब. नक्की. कोणी यायच्या आत टेबल रिकामं करायचंय.