कुणाच्या नावानं लिहू?

परळ, मुंबई
१२ ऑक्टोबर २०२५, रविवार

प्रिय बाबा,

सविनय जय भीम. 'तीर्थरूप' लिहिणार होते, पण ते वाचून तुम्ही पहिल्याच ओळीला पत्र बाजूला ठेवलं असतं. आईलाही जय भीम. तिची पाठ आता बरी असेल. तुमच्या कानांचं मात्र मला कळत नाही. फोनवर तुम्हाला हल्ली काही ऐकू येत नाही असं तुम्ही म्हणता. आई म्हणते, मागच्या परड्यात नारळ पडला तर सगळ्यात आधी तुम्हीच उठता. तेव्हा वाद नको, पत्रच लिहिते. कागदावरचं तुम्ही काहीही वाचता, भेळेचा कागदसुद्धा सोडत नाही.

इथे सगळं ठीक आहे. खालचे बाबुराव दर रविवारी विचारतात, "रामदास कधी येतोय? कॅरमला भिडू नाय." मी सांगते, गुडघे दुखतात. ते म्हणतात, "कॅरम काय गुडघ्यानं खेळतात काय गो?"

जुलैत माझी नोकरी गेली हे तुम्हाला कळलंच असेल. आईला मी 'बाबांना सांगू नको' म्हटलं होतं, म्हणजे तिने त्याच दिवशी सांगितलं असणार. कंपनीने आमचा सगळा विभागच बंद केला, माझी काही चूक नव्हती. पण हे पत्र त्या नोकरीबद्दल नाही. नवीन नोकरीसाठी मी जो अर्ज केला त्याबद्दल आहे, आणि त्यात तुमचा हात आहे म्हणून तुम्हाला सांगणं भाग आहे.

माटुंग्याला एक प्रकाशन कंपनी आहे. मुलांची पुस्तकं काढतात. ती पुस्तकं गावोगाव कशी पोचवायची हे बघायला त्यांना मार्केटिंगचं माणूस हवंय. अशा अर्जाला बायोडेटा लागतो आणि सोबत एक पत्र, आपण कोण आणि आपल्यालाच का घ्यावं ते सांगणारं. माझ्याकडे असं पत्र तयारच होतं. मी जिद्दी आहे, कल्पक आहे, आव्हानं मला आवडतात, वगैरे वगैरे. समोरच्या खोलीतल्या श्रेयाला वाचायला दिलं. तिने अर्धंच वाचलं.

"यार संघा, ही कोण बाई आहे? हिला मी ओळखत नाय. खाली माझं नाव टाकून पाठवलं तरी चालेल हे."

मला राग आला. पण जाहिरात पुन्हा वाचली तर त्यात एक साधी ओळ होती. आजवर कुणाला काय विकलंत आणि त्यातून काय शिकलात, ते तुमच्या शब्दांत लिहा, मराठीतही चालेल. तीन वर्षं ऑफिसच्या त्या टॉवरमध्ये बसून मी शॅम्पू विकला, बिस्किटं विकली, पण विकत घेणाऱ्या एकाही माणसाचं तोंड पाहिलं नव्हतं. मग मी जिद्दी आणि कल्पक दोघींना खोडलं आणि लिहायला बसले.

मी लिहिलं की माझे वडील गिरगावातल्या छापखान्यात बाइंडर होते. आणि दरवर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दादरला, शिवाजी पार्कवर, ते पुस्तकांचा स्टॉल लावत. चैत्यभूमीवर येणारी माणसं जेवणाच्या पैशातून पैसे वाचवून पुस्तकं नेतात. मी आठ वर्षांची असताना पुस्तकांच्या गठ्ठ्यावर उभी राहून पहिलं पुस्तक विकलं. तेव्हा वडिलांनी एकच शिकवलं होतं, 'तोंडाने बोलू नको, हातात पुस्तक दे.'

जालन्याकडच्या त्या पाच बायका तुम्हाला आठवतात? त्यांच्यातल्या एकीलाही वाचता येत नव्हतं. सोबतच्या मुलीला तुम्ही पुस्तक उघडून दिलंत. तिने उभ्या उभ्या दीड पान वाचलं, बायका ऐकत राहिल्या, मागची गर्दी खोळंबली तरी तुम्ही घाई केली नाहीत. शेवटी पाचजणींनी मिळून तीन पुस्तकं घेतली. मग तुम्ही तुमचं निळ्या शाईचं पेन काढलंत आणि नेहमीसारखं विचारलंत, "कुणाच्या नावानं लिहू?" प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर नाव, गाव आणि तारीख. पुढच्या वर्षी त्यातली एक पुन्हा आली. म्हणाली, गेल्या साली माझ्या नावाचं दिलं, औंदा नातीच्या नावानं द्या. हे सगळं लिहिलं. आमच्या कॉलेजात गिऱ्हाईक टिकवण्यावर अख्खं एक सत्र शिकवायचे. त्या विषयाच्या बारशाच्या घुगऱ्या तुम्ही खाल्ल्यात, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

माझी चूकही लिहिली. दोन वर्षांपूर्वी मी तुमचा स्टॉल 'सुधारला' ती. सगळी पुस्तकं चकचकीत प्लास्टिकमध्ये बंद केली, चार-चारचे संच केले, वर मोठा फलक लावला. धूळ बसणार नाही, हाताळून खराब होणार नाहीत, असं तुम्हाला ऐकवलं. तुम्ही म्हणालात, "बघ बाय, तुला कळतं ते." लोक आले, पुस्तक हातात घेतलं, उलटसुलट केलं, उघडायला गेले आणि ठेवून दिलं. न वाचता घ्यायचं कसं? निम्मे गठ्ठे परत आले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय. पण पत्रात मी हे रडत लिहिलेलं नाही. जे पुस्तक उघडता येत नाही ते गावात जात नाही, हे मला स्वतःच्या चुकीने कळलंय आणि तुमच्या कंपनीत कुणाला अजून कळलं नसेल तर मी सांगू शकते, असं लिहिलं. चांगलं झालंय ते पत्र, बाबा. उगाच विनय करत नाही.

शेवटी एक अटही घातली. दरवर्षी चार ते सहा डिसेंबर मी कामावर येणार नाही, त्या दिवसांत मी दादरला आमच्या स्टॉलवर असते. श्रेया म्हणाली, "आधी नोकरी तर लागू दे, मग अटी घाल." मी ती ओळ काढली नाही.

गेल्या वर्षी स्टॉल लागलाच नव्हता, एवढं मात्र लिहिलं नाही.

आणि का लागला नाही, तेही नाही. ते त्यांना नाही, तुम्हाला लिहायचं आहे. दोन दिवस टाळतेय. आत्तासुद्धा मध्ये उठून चहा करून आले.

त्या जुन्या ऑफिसात मी 'मित्रा' होते. संघमित्रा लांब पडतं, असं पहिल्या दिवशी मीच म्हटलं. कुणी विचारलंही नव्हतं. परळला राहते म्हटलं की लोकांना चाळीऐवजी टॉवर वाटायचा आणि मी वाटू द्यायचे. पहिल्या वर्षी सहा डिसेंबरची रजा मावसबहिणीच्या साखरपुड्यासाठी घेतली. दुसऱ्या वर्षी, म्हणजे प्लास्टिकच्या वर्षी, दाढेच्या रूट कॅनलसाठी. उचलली जीभ लावली टाळ्याला.

त्याच सहा डिसेंबरची दुपार होती. आई डबा आणायला घरी गेली होती. मी टेबलाच्या पुढच्या बाजूला येऊन पुस्तकं सारखी करत होते, आणि आमचे अजित सर समोर उभे राहिले. कंपनीचं कुठलंसं पाणीवाटप होतं, त्यासाठी आले होते.

"अरे मित्रा! तू इकडे कशी? दाढ कशी आहे?"

मी गालाला हात लावला. खरंच लावला, बाबा. आणि म्हणाले, "पुस्तक घ्यायला आले होते, सर."

तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे बघितलंत, मग त्यांच्याकडे. आणि गिऱ्हाइकाला विचारता त्याच आवाजात मला विचारलंत, "कुणाच्या नावानं लिहू, मॅडम?"

"राहू दे, काही नका लिहू," असं मी म्हटलं. पन्नासची नोट दिली. तुम्ही वरचं प्लास्टिक काढलंत, पुस्तक कागदात गुंडाळून दिलंत आणि दहा रुपये परत केलेत. मग अजित सरांनीही एक घेतलं. त्यांना तुम्ही तेच विचारलंत, त्यांनी आपलं पूर्ण नाव सांगितलं, तुम्ही ते नीट लिहिलंत. त्यांच्या पुस्तकावर नाव आहे. माझ्या नाही.

संध्याकाळी सगळे गठ्ठे तुम्ही एकट्यानेच बांधलेत. पुढच्या नोव्हेंबरात गुडघ्यांचं सांगून गावी गेलात. मी इतके दिवस स्वतःला बजावत होते की स्टॉल प्लास्टिकमुळे बंद पडला. तेवढंच असतं तर तुम्ही प्लास्टिक काढून पुढच्या वर्षी पुन्हा बसला असतात. तुम्हाला मी ओळखते. मला लाज वाटली होती, बाबा. तुमची नाही असं लिहून सुटता आलं असतं, पण खोटं होईल. त्या पाच मिनिटांत मला तुमची, त्या टेबलाची, स्वतःच्या नावाचीसुद्धा लाज वाटली. त्यानंतर जी वाटतेय ती निराळी आहे आणि ती अजून गेली नाही. आईला तुम्ही यातलं काही सांगितलेलं नाही, हेही मला माहीत आहे. तिच्या बोलण्यात आलं असतं. आता हे पत्र तिला वाचून दाखवा.

परवा शुक्रवारी माटुंग्याहून फोन आला. प्रिती मॅडम म्हणून आहेत, त्याच तिथल्या मुख्य. म्हणाल्या, "तुमचं पत्र आम्ही ऑफिसात मोठ्याने वाचलं. गुरुवारी भेटायला या. आणि डिसेंबरात आम्ही दोघं-तिघं तुमच्या स्टॉलवर येणार, आत्ताच सांगून ठेवते." मी हो म्हटलं, स्टॉल बंद आहे हे सांगितलं नाही.

तर गुरुवारी मी त्यांना खरं सांगणार आहे. स्टॉल गेल्या वर्षी लागला नाही, आणि तो माझ्यामुळे लागला नाही. तुम्ही काहीही ठरवलंत तरी हे सांगणार आहे. मला वाटतं नोकरी मिळेल. नाही मिळाली तर दुसरी मिळवेन, त्याची काळजी करू नका. तेव्हा नोकरीसाठी या, असं मी म्हणत नाहीये. मला तुमच्याबरोबर त्या टेबलामागे उभं राहायचं आहे, म्हणून या. कोण येईल ते येऊ दे, बघू दे.

पलंगाखालचे सगळे गठ्ठे मी बाहेर काढले. गेले दोन रविवार श्रेया आणि मी एकेका पुस्तकाचं प्लास्टिक काढत होतो, बोटं सोलवटली. आता सगळी उघडी आहेत. स्टॉलच्या जागेचा अर्जही आणून ठेवलाय. त्यावर नाव तुमचंच घातलंय, सही तेवढी बाकी आहे. दिवाळी झाली की या. गुडघ्यांना खुर्ची देईन, बाबुरावांना कॅरम काढून ठेवायला सांगते.

ते चाळीस रुपयांचं पुस्तक माझ्याकडे आहे. दोनदा वाचलं. पहिलं पान अजून कोरं आहे. येताना निळ्या शाईचं पेन आणा. तुम्ही विचारणारच, सगळ्यांना विचारता तसं. म्हणून नाव आणि गाव आत्ताच लिहून देते.

संघमित्रा रामदास गमरे,
परळ