नळाचे दुकान, आमदारकी आणि सूनबाई

आज आले: जाड कागद सहा, अठरा रुपये. लाखेची कांडी, दहा रुपये. वकिलांकडचा मृत्युपत्राचा छापील मसुदा, फुकट. त्यात माझे असे काहीच नाही, म्हणून हातानेच लिहिते.

मी, मॅट्रिक पास, वय एकाहत्तर, माजी आमदारांची पत्नी, देवाला स्मरून लिहिते की माझे डोके ठिकाणावर आहे, कालची बेरीज एकाच खेपेत जुळली आणि मला कोणी भरीस घातलेले नाही. मुलाने घालून पाहिले.

एक. नळ-पाइपांचे दुकान माझ्या नावे आहे. पहिल्या निवडणुकीचा अर्ज भरण्यापूर्वी यांनीच ते केले. म्हणाले, राजकारणात बुडालो तर चूल तरी पेटती राहील. माल पसंत नसेल तर आठ दिवसांत परत, ही दुकानाची रीत. हे तीच रीत सभेत घेऊन गेले. दवाखान्याचे वचन देऊन निवडून आले, दवाखाना काही झाला नाही. दुसऱ्या निवडणुकीच्या पहिल्याच सभेत म्हणाले, "माझा शब्द खराब निघाला, परत घेतो. तुमचं मत परत देता येत नाही, तेवढी माफी असावी." पुढाऱ्यांनी कपाळाला हात लावला. लोकांनी पुन्हा निवडून दिले.

तिसऱ्यांदा पाडलेही. निकालाच्या दुसऱ्या दिवशी यांनी नेहमीसारखे नऊला शटर उघडले. पहिले गिऱ्हाईक विरोधकांचा प्रचारप्रमुख, मुद्दाम तोंडभर "आमदारसाहेब" म्हणत आलेला. हे म्हणाले, "साहेब कालपर्यंत होतो. वॉशर केवढा देऊ?"

दोन. सत्कारांत मिळालेली भिंतीवरची सर्व घड्याळे धाकट्या जाऊबाईंना. नळवाल्याची बायको कुठली साहेबीण व्हायला, असे त्या म्हणाल्या होत्या. एकही घड्याळ धड चालत नाही. माझा राग गेला, घड्याळे तेवढी उरली.

तीन. पोस्टातली शिल्लक यांना. औषध वेळेवर घ्यावे, भाषण जेवणानंतर करावे.

चार. मुलगा तिकिटासाठी राजधानीत जाऊन बसला आहे. जाताना म्हणाला, "आई, दुकान विकल्याशिवाय प्रचार उभा राहत नाही."

मी म्हटले, "आणि पडलास तर दुसऱ्या दिवशी जाशील कुठे?"

त्याने बॅग उचलली. पडल्यावरचा विचार करण्यात तो बापावर गेलेला नाही. म्हणून दुकान मी सूनबाईंच्या नावे करते. कित्येक वर्षे गल्ला तीच सांभाळते आणि विकायचे नाही, हे तिने नवऱ्याच्या तोंडावर सांगितले आहे. मुलाने विकण्याचा विचार लेखी सोडला तर अर्धे त्याचे. निवडणूक जरूर लढवावी, स्वतःच्या कमाईवर.

साक्षीदार: शेजारचे शिंपीकाका (सही), डॉक्टरीणबाई (सही).
स्थळ: स्वयंपाकघरातले टेबल. दिनांक: ८ मार्च.
लिहून देणार: आमदारांची बायको, तुझी आई (सही).

ता. क. बाळा, ही नक्कल तुला. फोनवर तू गोड बोलून मला वळवतोस, म्हणून कागदावर. दुकानाची पाटी नव्याने रंगवायला घेतली आहे. सूनबाईंनी पेंटरला दोन नावांची जागा आखायला सांगितली. तिचे नाव लिहून झाले, शेजारची जागा कोरी आहे. उलट टपाली कळव.