पोटावरचे सहा गड्डे

वलगाव,
संक्रांतीनंतरचा गुरुवार, सन १९३७

तीर्थस्वरूप शेषरावभाऊजींना अकोला मुक्कामी सूर्यभानचा वाकून नमस्कार. जमुनाआक्कालाही सांगा, पण सांगताना आधी तिला खाली बसवा, कारण तिच्या निरोपावरून ती माझ्या नावाने रडायला लागल्याचं कळलं. तिला म्हणावं, डोळे पूस. तुझा भाऊ जिवंत आहे आणि हे पत्र तो वरण-बट्टी जेवून, कमरेचं धोतर जरा सैल करून लिहितो आहे. तिचे गुडघे कसे आहेत? एरंडाची पानं कोमट करून बांधली तर थंडीत बरं वाटतं. तुमचा खोकला? कापसाच्या गाड्या सुरू झाल्या म्हणजे अकोल्याच्या हवेत तंतू फार उडतात, जपून असा. इकडे सौ. माणिकबाई, चि. शालू, दोन्ही बैल आणि संत्र्याची झाडं खुशाल आहेत.

आता मुद्द्याची गोष्ट. मला क्षय झाल्याचं तुमच्याकडे कुणी पसरवलं त्याचा शोध करू नका. क्षय झाला होता हे खरंच आहे, पण तो एकट्या पोटाचा, आणि तोही मी मोठ्या मेहनतीने करून घेतलेला.

झालं असं, की दिवाळीच्या आधी अमरावतीला शेतकीचं प्रदर्शन भरलं होतं. आमची वांगी तिथे मांडायला दिली होती (बक्षीस मोर्शीच्या एका माणसाच्या वांग्यांना मिळालं, ती आतून किडकी होती, पण तो विषय वेगळा). संध्याकाळी तिथे कुणा प्रोफेसर सहदेव नावाच्या पहिलवानाचे शक्तीचे खेळ होते. कॉलेजातले प्रोफेसर नव्हेत. हे नुसत्या लंगोटावर येणारे. त्या माणसाने छातीवर दगड फोडून घेतला, दातांनी साखळी ओढली, इथपर्यंत ठीक होतं. मग त्याने श्वास आत ओढला आणि पोटावर, एका रांगेत तीन अशा दोन रांगांत, बटाट्याच्या सरीसारखे सहा गड्डे वर आले. एवढ्यावर न थांबता तो ते एकेक करून हलवू लागला. मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. बायकांच्या बाजूला पाहतो तो आमची माणिकबाई उभी राहून टाळ्या वाजवते आहे! भाऊजी, मी दोन बैलजोड्यांच्या मोटा एकदम चालतील एवढी विहीर खोदून घेतली तेव्हा ती म्हणाली होती, पाणी खारं लागते. लग्नापासून आजवर तिने माझ्यासाठी एकदाही टाळी वाजवलेली नाही, आणि इथे परक्या माणसाच्या पोटाला!

तेवढ्यावर निभावलं असतं. पण त्या प्रोफेसराला नमुना हवा होता, आणि पहिल्या रांगेत मी बसलो होतो. त्याने मला हाताला धरून वर नेलं, सदरा वर करायला लावला, माझ्या पोटावर थाप मारली (आवाज चांगला आला, हे मलाही मान्य करावं लागलं) आणि लोकांना सांगितलं, की सज्जनहो, असे सहा गड्डे प्रत्येकाच्या पोटात असतात, याही गृहस्थाच्या पोटात आहेत, फक्त वर चरबीचा थर साचला आहे. तेव्हा बायकांमधून माणिकबाईचा आवाज आला, "तिथं गड्डे नाई जी, तिथं माया हातच्या भाकरी हायेत!" सगळा मांडव हसला. मोर्शीचा वांगीवालाही हसला.

मी बागाईत करणारा माणूस. मातीच्या खाली माल आहे असं एकदा कळलं, की तो खणून काढल्याशिवाय मला झोप येत नाही. दुसऱ्याच दिवशी प्रोफेसराच्या बिऱ्हाडी गेलो. त्याने सांगितलं, की भाकर बंद, तूरडाळ बंद, तेल-तूप बंद. उकडलेला दुधी आणि बिनसायीचं दूध. शिवाय सकाळी उताणं पडून दोन्ही पाय जोडून उचलायचे, श्वास कोंडायचा, आणि पाय खाली येईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. परतताना मार्केटात आपला अब्दुल गफ्फार भेटला. (तुम्ही त्याला ओळखता, संत्र्याचा अडत्या, गेल्या वर्षी तुमच्याकडे टोपली घेऊन आला होता तो.) त्याला बेत सांगितला. त्याने हातातलं संत्रं खाली ठेवलं, माझ्या पोटाकडे प्रेमाने पाहिलं आणि म्हणाला, "मियाँ, ये पेट नहीं, बरकत है. बरकत को कोई खोदता है क्या?" मी त्याचं ऐकलं नाही. गफ्फारचं पोट माझ्याहून दीडपट आहे, तेव्हा तो पक्षपाती साक्षीदार, असं मी समजलो.

घरात व्यायाम करायची सोय नव्हती, कारण शालू हसायची आणि तिची आई त्याहून वाईट म्हणजे हसायची नाही, नुसती पाहायची. म्हणून मी पहाटे वांग्याच्या दोन सरींमध्ये जाऊन पडू लागलो. एक दिवस असा उताणा पडून, श्वास कोंडून, पाय वर केलेले, तोंड लाल झालेलं, अशात शेवंतीची फुलं तोडायला येणारी पार्बताबाई तिकडून आली. तिला वांग्यांच्या झाडांतून फक्त दोन थरथरणारे पाय दिसले. तिने जी बोंब ठोकली ती अचलपूरला ऐकू गेली असेल. "धावा वं, धावा! सूर्यभानभाऊले पान लागलं!" मला सांगायचं होतं, की साप वगैरे काही नाही, पण श्वास कोंडलेला, शब्द काढायची मनाई. मी नुसती मान हलवली. लोकांनी ती विषाची झटक समजली. बघता बघता माणसं जमली, गुडघ्याच्या वर दोर आवळला आणि कुणी तरी कडुनिंबाचा पाला माझ्या तोंडात कोंबला. तुम्हाला माहीत आहेच, विष चढलं असेल तर तो पाला कडू लागत नाही अशी आपल्याकडे समजूत आहे. आता भाऊजी, खरं सांगतो. कित्येक दिवस मिठाशिवायच्या दुधीवर काढलेले. तोंडात काही तरी चव आली याचाच मला इतका आनंद झाला, की मी तो पाला चावून गिळला. सगळे ओरडले, "कडू लागते काय?" मी म्हणालो, "नाही, बरा लागतो. अजून आहे का?"

मग काय विचारता! बायकांनी गळे काढले. मला उचलून बैलगाडीत टाकलं आणि मांत्रिकाकडे नेण्यासाठी बैल जुंपले. मी उठून बसलो की चार जण मला दाबून झोपवत, कारण विष चढलेल्याला उठू द्यायचं नसतं. एवढ्यात माणिकबाई आली. तिने माझे डोळे पाहिले नाहीत की पाय पाहिला नाही. पार्बताबाईची शिदोरी सोडली आणि भाकर-ठेचा माझ्या नाकाजवळ धरला. माझी मान आपोआप तिकडे वळली. "सोडा त्यायले," ती लोकांना म्हणाली, "साप नाई, उपास डसला हाये."

एवढं झाल्यावर शहाणा माणूस थांबला असता. मी मात्र इरेला पेटलो. आणि अडचण अशी, की चरबी माझ्या सोयीने जात नव्हती. आधी गाल गेले. मग मान गेली, मग दंड गेले, बसायची जागा गेली (आता ओट्यावर बसलं की दगड टोचत असे), आणि पोट आपलं जागच्या जागी, सगळी फौज पळाली तरी ठाण्यावर उभं असलेल्या जमादारासारखं. शेवटी एकदाचं तेही हललं. मार्गशीर्षात एका सकाळी आरशासमोर श्वास ओढून पाहिलं, तर बेंबीच्या वर दोन उंचवटे! सहापैकी दोन, पण माझे स्वतःचे. मी धावतच चुलीपाशी गेलो आणि माणिकबाईला दाखवले. तिने फुंकणी खाली ठेवली, बराच वेळ पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावला. म्हणाली, "फासोया दिसून राहिल्या वं माय!" मी म्हटलं या बरगड्या नव्हेत, हे गड्डे आहेत. पण ती ऐकेना. गफ्फारला दाखवले तर त्याने आधी दुवा मागितली आणि मग बायकोला, आयशाबीला, सांगून खजुराची करंडी घरी पोचवली.

मार्केटात या सगळ्याचा अर्थ लोकांनी आपापल्या परीने लावला, आणि तो अर्थ रेल्वेने अकोल्याला गेला. गेल्या आठवड्यात, ध्यानीमनी नसताना, आमचे होणारे व्याही भगवंतराव दारात उभे! (तुमच्या अकोल्याच्या फुलबाजारातले तेच, शालूसाठी ज्यांच्या मुलाचं तुम्हीच सुचवलं होतं.) त्यांनी नमस्कार दुरूनच केला. मी बाज पुढे सरकवली, तर ते वाऱ्याची दिशा पाहून दुसऱ्या टोकाला बसले आणि उपरणं नाकाला लावलं. नेमकं त्याच दिवशी प्रोफेसराच्या सांगण्यावरून गार पाण्याने आंघोळ केलेली. मला खोकला आला. भगवंतराव भला माणूस, पण त्यांचा चेहरा उतरला. हळूच म्हणाले, "इवाई, राग नका मानू. माघातली तारीख पुढच्या साली नेली तं? तुमी आराम करा. माया लहान भाऊ यातच गेला, म्हनून मन भेते."

आत दाराआड शालू होती. भाऊजी, तिचं रडणं मोठ्याने नव्हतं. बांगड्यांचा एकदा आवाज झाला आणि मग काहीच नाही. एका पोटापायी मी पोरीचं लग्न घालवून बसतो आहे हे तोवर मला दिसलंच नव्हतं. मी खाली मान घालून बेंबीकडे पाहत होतो ना! मी घाईने म्हणालो, अहो, मला काही झालेलं नाही, हा व्यायाम आहे, हे पाहा, आणि पुरावा म्हणून सदरा काढला. भगवंतरावांनी डोळेच मिटून घेतले.

माणिकबाई मात्र बाहेर आली. व्याह्यासमोर ती कधी येत नाही, पण आली. म्हणाली, "चला अमरावतीले. डाक्तर सांगन ते खरं. रोग असन तं मीच लगन मोडतो." आम्ही सर्व्हिस मोटारीने गेलो, भगवंतराव पुढे ड्रायव्हरजवळ, मी मागे, मधे माणिकबाई आणि कोथिंबिरीची पोती. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पाठीवर ठोकलं, जीभ काढायला लावली, खाणंपिणं विचारलं. त्या वेळात माणिकबाईने माझ्या सदऱ्याची बाही सोडली नाही. मग डॉक्टर भगवंतरावांकडे वळून म्हणाले, "छाती उत्तम आहे. यांना एकच आजार आहे, भूक लागली आहे."

भाऊजी, कोर्टात सुटलेल्या माणसाला काय वाटत असेल ते मला त्या बाकावर कळलं. माणिकबाई तिथेच भिंतीला टेकून खाली बसली आणि मला म्हणाली, "त्या मानसाच्या पोटाले एक डाव टाया वाजवल्या म्हनून एवढं? तुमच्या पोटाले म्या जलमभर भाकर थापली, ते नाई दिसलं?" डॉक्टर खिडकीबाहेर पाहू लागले.

भगवंतरावांची खात्री डॉक्टरने निम्मी केली. उरलेली निम्मी आमच्या चुलीने. त्यांना ठेवूनच घेतलं. वांग्याची भाजी, निखाऱ्यांत भाजलेले कणकेचे रोडगे, वर तूप. पहिला रोडगा फोडला आणि तुपाचा वास आला तेव्हा माझ्या डोळ्यांना धार लागली. भाजी तिखट आहे असं सांगितलं. मी खात गेलो, माणिकबाई रागावत आणि वाढत गेली, आणि समोर भगवंतराव पाहत राहिले. केव्हा तरी त्यांच्या हातातलं उपरणं गळून भाजीत पडलं ते त्यांनाही कळलं नाही. शेवटी ते म्हणाले, "इवाई, आता पुरे, नाई तं लग्नाले काय उरन?" तेव्हा शालू तुपाची वाटी घेऊन बाहेर आली. डोळे सुजलेले, पण हसत होती.

तारीख माघातलीच पक्की आहे. आक्काला हळद कुटायला निघून यायला सांगा. पोट परतीच्या वाटेला लागलं आहे, त्याच्या येण्याची घरात सगळ्यांना घाई झाली आहे.

तुमचा,
सूर्यभान

ता. क. रोडग्यांची गोष्ट प्रोफेसराच्या कानी घालू नका. तो आता अकोल्याला खेळ करायला येतो आहे असं ऐकतो.

ता. क. दुसरा. खरं म्हणजे हे पत्र एवढ्यासाठीच लिहितो आहे. जेवून अकोल्याला परत निघताना भगवंतरावांनी मोटारीपाशी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, "ते गड्डे मले बी असतीन काय?" मी गाफीलपणे हो म्हणालो. आज त्यांच्या मंडळींचा निरोप आला, की हे घरात उकडलेला दुधी मागून राहिले आणि भाकरीला शिवत नाहीत. भाऊजी, मांडवात मुलाचा बाप वाळलेला दिसला तर आमच्याकडची माणसं काय म्हणतील? तुम्ही अकोल्यातच आहात. लग्नापर्यंत रोज जेवणाच्या वेळेला त्यांच्याकडे जाऊन बसा. पाहुणा पानावर असताना यजमानाला उपाशी राहता येत नाही. तुमची खाण्याची ताकद मी आमच्या लग्नात पाहिली आहे, म्हणून हे काम दुसऱ्या कुणाला सांगवत नाही. घरी येऊन पुन्हा जेवावं लागेल; आक्काला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही पाहा.