न वळवलेलं पाऊल

रविवार, १४ तारीख, दुपार

प्रिय ताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. इकडे ठीक आहे, म्हणजे ठीक म्हणायचं तेवढं ठीक. ऑपरेशन झाल्यापासून आई दिवसाही औषधांच्या गुंगीत असते आणि गुंगीतच गप्पा मारते. काल म्हणाली, "खोलीत धुकं आलंय रे, खिडकी लाव." खिडकी बंदच होती. मग मीही तिच्या उशाशी बसून ते धुकं बघत राहिलो. हल्ली मला सगळंच एक्स-रेमधल्यासारखं दिसतं, करडं, तरंगणारं. त्यात काहीच नीट दिसत नाही, म्हणून छान वाटतं, खोटं कशाला बोलू!

तू माझा फोन उचलत नाहीस. भाऊजी सांगत होते, तू रडतेस, "मीच तिला चालायला लावलं, माझ्यामुळेच हाड सरकलं" म्हणतेस. महिनाभर मी हे ऐकतोय आणि मूग गिळून बसलोय.

आई बाथरूममध्ये घसरली तेव्हा तिचा एक्स-रे मीच काढला, माझ्याच मशिनवर. खुब्याचा एक्स-रे काढताना पाऊल जरा आत वळवावं लागतं, नाहीतर बारीक चीर लपून जाते. वीस वर्षं मी लोकांचे पाय वळवतोय. कोणी कितीही ओरडो, "झालं हं, झालं" म्हणत वळवतोच. आईचा पाय हातात घेतला, ती कळवळली, "नको रे सोन्या." माझ्याने वळवेना. तसाच काढला आणि डॉक्टरांना सांगितलंही नाही. त्यांना काही दिसलं नाही, त्यांनी मुका मार लिहिला. वर मीच तुला ऐटीत फोन केला, "नुसता बाऊ करतेय, तू जरा दटाव." तू दटावलंस. बिचारी आठ दिवस भिंत धरून चालली, तुटक्या हाडावर.

तेव्हाच कळलं असतं तर दोन-तीन स्क्रूंवर भागलं असतं गं. अख्खा सांधा बदलावा लागला नसता. चूक माझी आहे, ताई. तुझी नाही.

आता व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणतात, या आठवड्यात उभ्या राहिल्या नाहीत तर कायमच्या अंथरुणाला खिळतील. आई पाय टेकवायलाच तयार नाही. मी हात पुढे केला की तोंड फिरवते. म्हणते, "तू लाडावतोस. माझी लेक येऊन रागावेल, तेव्हा उठेन."

माझ्याशी बोलू नकोस हवं तर. पण ये, आणि तिला रागाव.

आईचं घटकाभराचं दुखणं न बघवलेला,
तुझा धाकटा