गेउआच्या घरातली आग

गुरुवार, १४ नोव्हेंबर १८७८

मिशनच्या साहेबांची नाव दुपारी गेली. शिडीवरून उतरता उतरता म्हणाले, "इसाया, चार महिन्यांनी येतो. तोवर निदान पाच माणसं प्रार्थनेला बसलेली दिसू देत." पाच! इथं आम्हाला बसायला धड चटई नाही.

तीन पेट्या, अळकुड्यांचं एक पोतं, एक कुऱ्हाड आणि आम्ही नवरा-बायको. पाएरू समुद्राकडे पाठ करून पेटी उघडत बसली. रडत होती बहुतेक. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मलाही रडू आलं असतं.

शनिवार, १६ नोव्हेंबर

गावात बाप्या माणूस औषधाला नाही. तीन गलबतं मडक्यांनी भरून सगळे पश्चिमेला गेलेत. मडकी देऊन साबूचं पीठ आणायचं, त्यावर वर्ष काढायचं. मागे उरलेत म्हातारे, बायका, पोरं. म्हातारा मोरेआ गावाचा मुख्य. "वारा फिरला की येतील," म्हणतो आणि सुपारी चघळत बसतो.

घर पाण्यावर खांबांवर उभं आहे. भरती आली की जमिनीच्या फटीतून थेंब उडतात. पाएरूला ओकारी येते.

रविवार, १७ नोव्हेंबर

शंख फुंकला. मग पुन्हा फुंकला. प्रार्थनेला एक कुत्रं आलं. पाएरूला हसू आवरेना — इथं आल्यापासून पहिल्यांदाच हसली. मी मात्र तिच्यावर उखडलो. आता वाईट वाटतंय.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

शेजारच्या घरात गेउआ राहते. सगळ्यात मोठ्या गलबताचा नाखवा डारोआ, त्याची बायको. नवरा गेल्यापासून तिनं अंघोळ केलेली नाही, केस विंचरलेले नाहीत, दाराबाहेर पाऊल टाकलेलं नाही. मोठ्यानं बोलायचंही नाही. अंधारात एका आगीपाशी बसायचं. ती आग नवरा परत येईस्तोवर विझता कामा नये. विझली तर गलबत बुडतं म्हणे.

पाएरूचं आणि तिचं जमलंय. ही माशाचं कालवण घेऊन जाते, तासभर कुजबुजत बसते. मला हे सगळं पाएरूकडूनच कळलं. "खोकून खोकून बरगड्या दिसायला लागल्यात तिच्या," म्हणाली.

शनिवार, २३ नोव्हेंबर

हिवताप. अक्षर हलतंय.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

ताप उतरला. पापा तामारुआंची आठवण येते. आमच्याच बेटावरचे जुने धर्मशिक्षक, या किनाऱ्यावर आठ वर्षं काढलेली, दोन बायका इथल्याच मातीत पुरल्या. त्यांच्याकडे दोन महिने राहून ही भाषा शिकलो. निघताना म्हणाले, "पोरा, पहिलं वर्ष नुसतं ऐक. शिकवायला जन्म पडलाय." मी हो हो म्हटलं. पण साहेब चार महिन्यांनी येणार. पापांचं काय जातंय सांगायला!

गुरुवार, २८ नोव्हेंबर

आज केलं!

सकाळी पाएरू धावत आली. गेउआ आगीशेजारी आडवी पडली होती. घर धुरानं भरलेलं, तिच्या ओठांना रक्त. मी म्हटलं, हिला उचल, बाहेर घे. पाएरू म्हणाली, "आधी तिला विचार." काय विचारायचं? बाई मरत होती.

लहानपणी आजोबांच्या मांडीवर बसून किती वेळा ऐकलंय. आमच्या बेटावर सगळ्यांनी लाकडाचे देव आणून जाळले, आणि त्याच जाळावर आजोबांनी केळी भाजून खाल्ली. लोक म्हणाले, आता हा मरतो. आजोबा ऐंशी वर्षं जगले. एकदा हात लावून दाखवला की भीती जाते — एवढंच तर करायचं असतं!

मडकंभर पाणी घेतलं आणि आगीवर ओतलं. गेउआनं माझं मनगट धरलं होतं. जोर नव्हता तिच्यात. मग आम्ही तिला बाहेर आणलं, पाएरूनं तिला न्हाऊ घातलं. बायका मळ्यांत होत्या, कोणी पाहिलं नाही.

आजोबा असते तर पाठ थोपटली असती.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

गेउआ पुन्हा आत जाऊन बसली. आग पेटवलीय. शेजाऱ्यांकडे निखारा मागितला असता तर गावाला कळलं असतं, म्हणून आमच्या चुलीतला नेला. पाएरूनं दिला. मला न विचारता.

गुरुवार, १२ डिसेंबर

वारा फिरला. गावातलं खाणं संपत आलंय. कोनफळं संपली, आता नुसते नारळ आणि शिंपले. तरी कोणी ना कोणी आमच्या दारात दोन नारळ ठेवून जातं.

गेउआ गप्प आहे. ना गावाला काही सांगितलं, ना माझ्याशी बोलली.

दिवसातून दहा वेळा मी समुद्राकडे बघतो. का बघतो? आगीत काही नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

बुधवार, २५ डिसेंबर

नाताळ. दोघांनीच गाणी म्हटली.

शनिवार, २८ डिसेंबर

दोन गलबतं आली. बायका कमरेएवढ्या पाण्यात नाचत होत्या. मग नाच थांबला. डारोआचं गलबत नाही. चार दिवसांपूर्वी वादळात त्याची डोलकाठी मोडताना यांनी पाहिली, पुढचं कोणाला ठाऊक नाही. गलबतावर तीस माणसं होती.

देवा, ते येऊ दे. दुसरं काही मागत नाही.

गुरुवार, २ जानेवारी १८७९

फळ्या वाहत आल्या. शिडाची चटईही आली. बायकांनी ती ओळखली.

सगळे गेउआच्या दाराशी जमले. मोरेआनं विचारलं, "आग विझली होती?"

"विझली होती," ती म्हणाली. "झोप लागली मला."

माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. डारोआच्या भावानं तिच्या चटया, मडकी, सगळं पाण्यात फेकलं. तीस घरांतल्या बायका तिच्या नावानं बोटं मोडताहेत. तिला कोणी घोटभर पाणी देत नाही. मी मागे उभा होतो. लाज वाटते माझी मला.

शनिवार, ४ जानेवारी

गेउआ आमच्या मागच्या ओट्यावर पडून आहे. पाएरू तिला भरवते, ती गिळत नाही. अशी किती दिवस जगेल?

मी म्हटलं, उद्या सांगून टाकतो.

पाएरू म्हणाली, "काय सांगशील? आग मी विझवली म्हणून गलबत बुडालं? म्हणजे आगीत होतं काहीतरी! का आगीत काही नव्हतंच, ते उगाच बुडालं? मग तुझं ऐकेल कोण?" थोड्या वेळानं हळूच म्हणाली, "आणि भाले आहेत त्यांच्याकडे, इसाया."

"तिनं आपल्याला का वाचवलं?" मी विचारलं.

"मला दिवस गेलेत. तिला सांगितलं होतं मी."

मला नव्हतं सांगितलं.

रविवार, ५ जानेवारी

सांगितलं. सगळ्यांसमोर, मोठ्यानं. पाणी मी ओतलं, बाईनं माझा हात धरला होता, तिचा दोष नाही.

मोरेआनं एवढंच विचारलं, "तू एकट्यानं?" मी हो म्हटलं. तो उठून गेला. त्याच्यामागे सगळे गेले. दिवसभर आम्ही दाराकडे बघत बसलो. कोणी आलं नाही.

सोमवार, ६ जानेवारी

उजाडताच सारा गाव दाराशी. भाले नव्हते. मोरेआ म्हणाला, "त्या आगीला आमच्या बापजाद्यांनी हात लावला नाही. तू लावलास आणि तू धडधाकट आहेस. मेली आमची तीस माणसं. तुझा देव भारी आहे. आता त्याला म्हणावं, आमच्यावर रागावू नको. कसं बसायचं, काय म्हणायचं ते शिकव."

मी म्हटलं, नाही, तसं नाही, माझा देव माणसं बुडवत नाही.

"मग?" डारोआचा भाऊ म्हणाला. "आग हिनं राखायची होती. हिनंच बुडवलं ना?"

गेउआ ओट्यावर उठून बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "नाही. माझ्या देवानंच बुडवलं."

सगळे गुडघ्यांवर बसले.