सहा बाय चारचं खुराडं

४ नोव्हेंबर, मंगळवार
खुराडं आलं. चार बाय तीन, अंबडच्या वेल्डरकडून. सहा गावरान कोंबड्या, एकीला दोन चौरस फूट. हिशोब सुनीलचा, कंपनीतही दिवसभर मापंच घेतो. कोंबड्या आणल्या त्या सासूबाईंसाठी. सिन्नरचा मळा सोडून आमच्याकडे आल्यापासून भिंतीकडे बघत बसतात. आज खुर्ची ओढून खुराड्यासमोर बसल्या.

७ नोव्हें.
आईंचं एकच. "ल्हान हाय. समदे मावत नाय." म्हटलं, सहाच तर आहेत. "आन् ती?" कोण ती, ते नाही सांगितलं. विसरायला लागल्यात, डॉक्टर म्हणालेच होते.
कोंबड्या मात्र खरंच दाटीवाटीने बसतात. दांडीचं एक टोक मोकळं सोडून.

११ नोव्हें.
सकाळपासून देवळालीच्या रेंजवर तोफांचं फायरिंग, तावदानं थरथरतायत. कोंबड्या अंगणात सैरावैरा, पण खुराड्यात एकही शिरेना. आई आत हात घालून काहीतरी थोपटत होत्या. भुसा असेल.

१६ नोव्हें., रवि.
मोठं करून घेतलं. सहा बाय चार. सुनील म्हणत होता, एवढ्या मोठ्यात ऊब राहत नाही, थंडीत गारठतील. पण आईंनी जेवण टाकलं होतं.
संध्याकाळी सगळ्या कोंबड्या एका भिंतीला, एकमेकींना चिकटून. उरलेलं अर्धं रिकामं. आई खूश. "आता नीट निजंल मंगल."
सुनील पाने-पक्कड आवरत होता. तसेच टाकून आत गेला.

१७ नोव्हें.
विचारलं. सुनील म्हणाला, "ताई. माझ्याहून मोठी." मळ्यावर दिवेलागणीला कोंबड्या कोंडायला गेली. कोंबड्या आत होत्या. दाराला बाहेरून कडी होती. ती नव्हती. विहिरीतला गाळसुद्धा उपसला.
इतकी वर्षं संसार केला आणि मला साधं...
"घरात नाव घेत नव्हतं कुणी," म्हणाला.

२१ नोव्हें.
दुपारी कोंबड्या बाहेर असताना भुसा बदलायला कडी काढून वाकले. रिकाम्या बाजूचा भुसा दबलेला. मधे लांबट खळगा. हात लावला तर गरम. तिथे ऊन येत नाही.
सुनील म्हणाला, मांजर असेल. जाळीतून मांजर कसं येणार?
खुराडं परत द्यायचं ठरलं.

२३ नोव्हें., रवि.
वेल्डर टेम्पो घेऊन आला. आई खुराड्याची जाळी धरून उभ्या. रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत, नुसत्या सुनीलकडे बघत राहिल्या. त्याने टेम्पो रिकामा परत पाठवला.
कोंबड्या कोंडायला रोज मी जाते. आज सुनील गेला. मी ओट्यापाशी होते, खिडकीतून दिसतं. सगळ्या आत गेल्या. त्याने दार लावलं नाही. धरून उभा राहिला, फाटकाकडे बघत. मग थोडा बाजूला सरकला, कुणाला वाट द्यावी तसा. आणि मग कडी घातली.
आत येऊन हात धुतले, पाटावर बसला. मी वाढलं.