सही जुळत नाही

५ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पाकीट फोडलं आणि आत छापील अक्षरं बघून क्षणभर वाटलं, पाणीपट्टीची नोटीस आली. खाली 'तुझा दादा' एवढं तरी हाताने लिहायचंस, तर तेही छापील. नातवाने संगणक दिला म्हणून बहिणीला कुणी असं कचेरीतलं पत्र धाडतं का? फोनवर चेहरा दिसतो म्हणावं, तर तू उन्हाळा असो की हिवाळा, शाल पांघरून, हात आत घेऊन महाराजांसारखा बसतोस. निदान पत्रात तरी माझा दादा भेटू दे.

आता कामाचं. आपली इमारत पाडून नवी बांधायचं अखेर ठरलं. ज्याची जागा त्याने मूळ खरेदीखत एकतीस मार्चच्या आत समितीपुढे ठेवायचं. जो ठेवणार नाही त्याचं नाव वादग्रस्त यादीत, आणि वाद मिटेपर्यंत नव्या इमारतीत त्याला जागा नाही.

माझ्या या दोन खोल्या तुझ्या नावावर. हे गेले तेव्हा तू मला इथे आणलंस, किल्ली हातात ठेवलीस आणि म्हणालास की आता कुणाच्या दारात उभं राहायचं नाही. पण खरेदीखत बँकेत तारण पडलंय. कर्ज कधीच फिटलं, तू मुलाकडे परदेशी गेलास, कागद तिथेच राहिला. काल बँकेत गेले. खिडकीवरच्या चष्मेवाल्या बाईंनी सांगितलं की ज्याने ठेवला त्याने स्वतः यावं, नाहीतर मला मुखत्यार नेमल्याचं पत्र पाठवावं. सही तिथल्या आपल्या वकिलातीत, अधिकाऱ्यासमोर करायची, आणि ती बँकेतल्या नमुन्याशी जुळायला हवी. छातीच्या दुखण्यापायी डॉक्टरांनी तुझं विमान बंद केलंय, म्हणजे येणं नाहीच. सहीला काय लागतं? झटकन करून पाठव.

लोभ आहेच, तो छापील नसावा, एवढीच विनंती.

तुझी
ठमी

१९ जानेवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

छापील अक्षरांवर रागावू नकोस. जन्मभर छापखान्यात बसून दुसऱ्यांची मुद्रिते तपासली. म्हटले, म्हातारपणी आपलेही काही छापून पाहावे.

मुखत्यारपत्राचा मसुदा हवा म्हणून बँकेला फोन लावला. एक बाई गोड गळ्याने एक दाबा, दोन दाबा म्हणत राहिली आणि मग बासरी सुरू झाली. इतका वेळ बासरी ऐकली की डोळ्यांपुढे आपली शाळा उभी राहिली. कौलांतून पडलेला कवडसा, त्यात तरंगणारी खडूची धूळ, आणि गुरुजी कविता चालीवर म्हणताहेत. आठवते ना, शुद्धलेखन ते नुसते घालतच नसत. कविता म्हणायची आणि त्याच चालीत टाक चालवायचा. चाल तुटली की शाई सांडते, असे म्हणत. त्यांनीच रचलेल्या त्या ओळी अजून माझ्या कानात आहेत:

वळणा वळणा ओढा जाई,
खडक आडवा, थांबत नाही;

मी ओढ्याकाठी पोचलो होतो, तेवढ्यात एक मुलगा फोनवर आला. म्हणाला, तुमच्या नंबरवर आकडा पाठवलाय, तो सांगा. तो नंबर मी इकडे येताना सोडून दिलेला. मी म्हटले, नंबर बदला. तर म्हणे बदलण्यासाठीही आकडा लागतो, आणि तो जुन्याच नंबरवर येतो. शेवटी मीच माझ्या जुन्या नंबरवर फोन केला. एका गॅरेजवाल्याने उचलला. फार सज्जन माणूस. बँकेच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा दरवर्षी मलाच मिळतात, काका, म्हणाला. आकडा मात्र सांगेना. कुणालाही सांगू नका असे बँकच बजावते, म्हणाला.

असो. मसुदा इथल्या वकिलाने करून दिला. तुझ्या भाच्याने रजा टाकली आणि मला वकिलातीत नेले. सही केली, शिक्का बसला. सोबत पाठवत आहे. तुझे छप्पर हलू देणार नाही.

माया आहे ती वाढत्या व्याजाने असो.

दादा

४ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

कागद बँकेने परत दिला. वर पेन्सिलीने तीन शब्द: सही जुळत नाही.

मी त्या चष्मेवाल्या बाईंशी भांडले. म्हटलं, वकिलातीचा शिक्का आहे, फोटो आहे, अजून काय रक्त काढून पाठवायचं? त्या आवाज चढवत नाहीत, हेच तर वाईट. शिक्का खरा आहे आजी, म्हणाल्या, पण आमच्याकडच्या सहीशी ही जमत नाही. मॅनेजरकडे गेले तर ते बैठकीत. तिथल्या बाकावर बसून बसून पाय बधिर झाले, ते मागच्या दाराने निघून गेले.

इमारतीत रोज कुणी ना कुणी कागद समितीला देऊन येतं आणि जिन्यात भेटलं की मला विचारतं. वरच्या मजल्यावरची शिक्षिका तर परवा सांत्वनाला आल्यासारखी बसून गेली. तिला म्हटलं, अगं, अजून मी इथेच राहते, पुढ्यातला चहा घे.

दादा, घाईत कशीतरी खरडली असशील. नीट बसून, पतंगाच्या शेपटीसारखी ती तुझी वेलांटी पूर्ण काढून पुन्हा कर. तुझी सही बघून शाळेत सगळे जळायचे.

राग बँकेचा आहे, तुझ्यावर निघाला तर पोटात घाल.

ठमी

१३ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

ही बँक आहे की बोहारीण? जुने ते सगळे घेऊन बसते आणि परत मागितले की भांड्याचा आवाज करते.

इमेल पाठवली. क्षणात उत्तर आले. मी हरखलो, वाचतो तर, आपला निरोप मिळाला, या निरोपाला उत्तर देऊ नये. मग व्हिडिओवर ओळख पटवायची सोय आहे असे कळले. कॅमेऱ्यासमोर ओळखपत्र स्थिर धरा, म्हणाले. धरले. स्थिर धरा, पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले आणि फोन आपोआप बंद पडला. म्हणजे मी जिवंत असल्याबद्दल त्यांना शंका नाही, माझी सही तेवढी वारली असे त्यांचे मत आहे.

सहीची काही चूक नाही. वकिलातीतले टेबल उंच, पेन दोरीला बांधलेले, मागे रांग. अशा ठिकाणी चांगल्या चांगल्यांची वेलांटी बिघडेल. या खेपेस घरून पेन नेले. दुसरे मुखत्यारपत्र सोबत आहे. हे नाकारतील तर मी मॅनेजरला असे पत्र लिहीन की त्याच्या आजोबांना उचकी लागेल.

तू त्या बाकावर बसत जाऊ नकोस. गुडघे सांभाळ.

आशीर्वादाला ओळखपत्र लागत नाही, तेव्हा तो भरपूर घे.

दादा

१ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

दुसराही परत आला.

मी त्या दिवशी ठरवूनच गेले होते की आज खिडकीसमोरून हलायचं नाही. त्या बाई उठून बाहेर आल्या, माझ्या हाताला धरून मला आत नेलं आणि संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. एका बाजूला बँकेतली सही. तुझीच. वेलांटी सुळकन वर गेलेली. दुसऱ्या बाजूला तू पाठवलेल्या दोन्ही.

बँक चुकत नव्हती, दादा.

अक्षरं मुंग्यांच्या रांगेवर पाय पडावा तशी विस्कटलेली. वेलांटी सुरू होते आणि मध्येच दातेरी होत जाते. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग मला छापील पत्रं आठवली. शाल आठवली. शालीच्या आत ठेवलेले हात आठवले. ओळखपत्र स्थिर धरा, हे तू विनोद म्हणून लिहिलं होतंस आणि मी वाचून हसले होते.

त्या बाईंनी पाणी दिलं. मी विचारलं, अंगठा चालेल का. तर तो बँकेच्या माणसासमोरच उठवावा लागतो. नवीन सहीचा नमुना द्यायचा तरी तू समोर हवास. त्यांनाही वाईट वाटत होतं, पण त्यांचे हात बांधलेले.

संध्याकाळी भाच्याला फोन केला आणि चांगला दरडावला. तेव्हा सगळं बाहेर आलं. विमान छातीमुळे बंद नाही, कंपवातामुळे आहे. आणि आत्याला सांगायचं नाही अशी तू शपथ घातली होतीस. मी काय काचेची बाहुली आहे?

खोल्यांचं होईल ते होईल. यादीत नाव गेलं तर जाईल, कुठेतरी भाड्याने राहीन. पण एक सांगते आणि ते ऐक. एकदा गुरुजींची छडी बसून तुझी बोटं सुजली होती. तुला टाक धरवत नव्हता. तरी तू ओढ्याची ती कविता पानभर लिहिलीस, एक डाग नाही. मी पुढच्या बसकरपट्टीवरून मान वळवून बघत होते. तू तोंडाने म्हणत होतास आणि हात त्यामागून जात होता, वासरू गाईमागून जावं तसा. वकिलातीत तू गप्प बसून सही केलीस ना? गप्प बसू नकोस.

जमलं नाही तरी तू माझा दादाच आहेस.

ठमी

१४ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

तुझे पत्र सूनबाईंनी वाचून दाखवले. 'बँक चुकत नव्हती' इथे त्या थांबल्या आणि मी खिडकीबाहेर बघत राहिलो. तुला सांगितले नाही, कारण एकदा सांगितले की ते खरे होणार होते. तुझ्यापुरता तरी मी वेलांटीवाला दादा राहावा, अशी इच्छा होती.

चार दिवस सराव केला. कविता म्हटली म्हणजे हात थरथरायचा थांबतो असे नाही, पण चालीच्या मात्रेवर तो पाय टाकतो. मनातल्या मनात म्हणून भागत नाही, मोठ्याने म्हणावे लागते. नातू म्हणाला, आजोबांची सही आवाजावर चालते.

काल वकिलातीत गेलो. खिडकीमागे तोच अधिकारी. त्याच्यासमोर कागद ठेवला, पेन टेकवले आणि म्हणू लागलो. त्याने मान वर केली. म्हणाला, आजोबा, इथे शांतता ठेवा. मी थांबलो आणि थांबल्याबरोबर पेन नाचायला लागले. एक कागद वाया गेला. तुझा भाचा म्हणाला, बाबा, पुन्हा कधी येऊ. मी म्हटले, पुन्हा कधी नाही, मुदत संपत आली.

मग त्या अधिकाऱ्याला सांगितले की बाबा रे, माझा हात बहिरा झालाय, त्याला कविता ऐकवल्याशिवाय लिहिता येत नाही, आणि या सहीवर माझ्या बहिणीचे घर आहे. तो क्षणभर माझ्या हाताकडे बघत बसला. मग उठून त्याने पंखा बंद केला आणि म्हणाला, "म्हणा आजोबा, मीही ऐकतो."

मी म्हटली. पहिल्या ओळीला पहिले नाव झाले, दुसरीला आडनाव. खडकापाशी हात अडखळला. पण पुढची ओळ येतच होती, तिने त्याला ओढून नेले.

वळसा घेई, गाणे गाई,
पुढल्या रानी हिरवळ होई.

हिरवळीवर वेलांटी वर गेली. पूर्वीइतकी उंच नाही. जुळली की नाही मला सांगता येत नाही, माझे डोळे त्या वेळी कामाचे नव्हते. मागच्या रांगेत मात्र कुणी घसा खाकरला नाही.

कागद आजच कुरियरने निघतो आहे. तो या पत्राच्या आधी तुझ्या दारी पोचो.

दादा

२८ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पाकीट काल संध्याकाळी आलं. बँक बंद झालेली. रात्रभर उशाशी ठेवलं. उघडलं नाही, तुझी सही आधी त्यांनी बघावी, मग मी.

आज दार उघडायच्या आधी पायरीवर होते. चष्मेवाल्या बाईंनी कागद पडद्याशेजारी धरला. खालून वर, वरून खाली बघितलं. मग वेलांटी आणखी मोठी करून बघितली. मग मॅनेजरना हाक मारली, आणि या वेळी ते मागच्या दाराने गेले नाहीत. दोघं हळू बोलत होते. ते म्हणत होते, शेवट थोडा बुटका आहे. बाई म्हणाल्या, वय झालं की माणूसही बुटका होतो, सर, पण चालण्यावरून ओळखू येतो. तरी ते उभेच. मला वाटलं, गेलं. मी बाकाची कड घट्ट धरून बसले होते.

मग त्यांनी शिक्का मारला.

खरेदीखत पिवळं पडलंय, कडेला वाळवीने जरासं चाखलंय, पण तुझं नाव शाबूत आहे. तिथून थेट समितीकडे गेले आणि पोच घेऊनच घरी आले. जिन्यात ती शिक्षिका भेटली. तिला म्हटलं, नव्या इमारतीत मला तुझ्या खालचीच खोली मिळू दे, तुझ्या दळणाच्या आवाजाची सवय झालीय.

बँकेतून निघताना बाईंना विचारलं, मुखत्यारपत्र बँकेत राहील, पण सहीची झेरॉक्स मिळेल का. त्यांनी काढून दिली. आरशाच्या कडेला खोचली आहे.

आता माझी मागणी. पुढचं पत्र हाताने लिही. मुंग्या आल्या तर येऊ देत, मी वेचून घेईन.

तुझ्या मायेच्या नमुन्याशी माझी माया जुळते, हे बँकेने नाही, मी प्रमाणित करते.

ठमी

१० एप्रिल

चि. ठमीस,
अ. उ. आ.

हे हाताने लिहितो आहे. मोठ्याने म्हणत. घरातले सगळे आपापल्या खोलीत दारे लावून बसले आहेत.

तुझे घर राहिले. आता मला बरे वाटते. कवितेतला तो ओढा अजून आहे का गं शाळेजवळ? असला तर जाऊन ये आणि माझ्या वाटचे पाय बुडव.

ही ओळ वाकडी गेली, कारण सूनबाईंनी चहा आणला आणि चाल तुटली.

पुन्हा पहिल्यापासून म्हणतो. खाली सही करायची आहे.

तुझा
दादा